मक्याला चुना कशाला?

तायांनो, मेक्सिकोच्या पाककृतींच्या पुस्तकात तोर्तिया असते, म्हणजे मक्याची पातळ भाकरी. पण तिचा मका कोरडा दळत नाहीत.

१ किलो मका, ३ लिटर पाणी, १ मोठा चमचा खायचा चुना. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवा, रात्रभर झाका. सकाळी चोळून सालं काढा, तीन-चार पाण्यांनी धुवा आणि ओलंच वाटा. ॲल्युमिनियमचं भांडं नको. भिंतीचा चुना तर मुळीच नको!

एवढा खटाटोप कशाला? चुन्यामुळे मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व मोकळं होतं, अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला: कातडी सोलायची, जुलाब, डोक्यावर परिणाम. म्हणून पायरी गाळण्याआधी विचारा, ती घातली कशासाठी?