सांगाडा उभा, पण काम थांबलं

प्रश्न : कराडला दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर आम्ही तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधतोय. कॉन्ट्रॅक्टरशी सामानासकट चौरस फुटाला २,००० रुपये दराने १,८०० चौरस फुटांचा, म्हणजे ३६ लाखांचा करार स्टँप पेपरवर केला. करार करताना १० टक्के, जोत्याला २०, दोन्ही स्लॅबना २०-२०, वीटकामाला १० आणि उरलेले २० टक्के प्लास्टरपासून रंगापर्यंत, असे हप्ते ठरले. वीटकाम झालं, २८ लाख ८० हजार देऊन झाले. आता तो म्हणतो, सिमेंट-सळई महागली, फुटाला २५० वाढवा. जिना आणि हेडरूम धरून क्षेत्र १,९८० भरतं. शिवाय १८ टक्के जीएसटी वेगळा. दोन महिने साइटवर कोणी फिरकलेलं नाही. बँकेच्या इंजिनिअरने काम ६० टक्केच धरलं, म्हणून २५ लाखांच्या कर्जातले १५ लाखच मिळाले. मध्यंतरी वरच्या खोलीला आम्ही तोंडी सांगून बाथरूम जोडून घेतलं होतं. रेरात जाऊ की पोलिसांत?

— एक वाचक, कराड

उत्तर : सध्या दोन्हीकडे नको. रेरा हा घरं बांधून विकणाऱ्या प्रवर्तकांसाठीचा कायदा आहे. स्वतःच्या प्लॉटवर राहण्यासाठी घर बांधून घेणाऱ्याचा आणि त्याच्या कॉन्ट्रॅक्टरचा वाद तिथे बसत नाही. पोलिसांत गेलात तर ‘दिवाणी बाब आहे’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. काम अर्धवट सोडणं हा करारभंग आहे. फसवणुकीचा गुन्हा म्हणायचं तर पैसे घेतानाच त्याची नियत खोटी होती हे दाखवावं लागतं, आणि दोन स्लॅब टाकून देणाऱ्या माणसाबाबत ते अवघड आहे.

तुमची खरी अडचण हप्त्यांच्या त्या यादीत आहे. सांगाडा उभा राहिला की घर झालं असं वाटतं, पण गिलावा, फरशी, नळकाम, वायरिंग, चौकटी, खिडक्या, रंग हे सगळं पुढेच असतं. या सगळ्यासाठी तुम्ही ७ लाख २० हजार मागे ठेवलेत. बँकेच्या हिशेबाने झालेलं काम २१ लाख ६० हजारांचं आहे. म्हणजे ७ लाख २० हजार कामाच्या पुढे धावलेत. फिनिशिंगला उरलेले पैसे आणि आगाऊ गेलेले पैसे एकाच आकड्याचे निघावेत, यात सगळं आलं. त्याने इथून पुढे प्रामाणिकपणे काम केलं तरी त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही, म्हणून तो येत नाही. अशा याद्या कॉन्ट्रॅक्टरच लिहून आणतात आणि आपण ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणून सही करतो.

आता त्याच्या तीन मागण्या. भाववाढीचं कलम करारात नसेल तर दर ठरला तो ठरला; एकतर्फी वाढ मागायचा त्याला हक्क नाही. (सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे बोलता बोलता त्याच्या कानावर घालायला हरकत नाही.)

क्षेत्राच्या मुद्द्यात त्याला थोडा वाव आहे, कारण ‘चौरस फूट म्हणजे कुठला’ हे तुमच्या करारात लिहिलेलं दिसत नाही. पण त्याने आधीचे पाचही हप्ते १,८०० फुटांवरच मागितले आणि घेतले. त्याचं हे वागणं तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. मात्र बाथरूमचे पैसे त्याला द्यावे लागतील. तोंडी सांगितलं असलं तरी काम तुमच्या सांगण्यावरून झालं, ते त्याने फुकट करायचं ठरलं नव्हतं आणि त्याचा फायदा तुम्ही घेताय. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० अशा कामाचा रास्त मोबदला द्यायला लावतं. ते आपणहून मान्य करा. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं तर याने तुमचं वजन वाढेल.

जीएसटीबाबत त्याचा नोंदणी क्रमांक आधी मागा. नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून हा कर वसूल करताच येत नाही. नोंदणी असेल तर सामानासकट कामाला दर १८ टक्केच आहे हे खरं. पण २,००० चा दर करासह होता की कर सोडून, याबाबत करार गप्प असेल तर आधीच्या पाच हप्त्यांत त्याने कर कधी लावला होता का, ते पाहा. कर-बिल दिल्याशिवाय या नावाखाली एक रुपयाही देऊ नका.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. दुसरा माणूस कामाला लावण्याआधी झालेल्या कामाची मोजणी करून घ्या. त्यासाठी तुमचे आर्किटेक्ट किंवा मान्यताप्राप्त मूल्यांकनकार आणा, कॉन्ट्रॅक्टरला तारीख कळवून बोलवा, तो आला नाही तर तशी नोंद करा. भिंतीत दबलेले पाइप, पडून असलेली सळई, सिमेंटच्या गोण्या, सगळ्याचे फोटो घ्या. नवीन गवंड्याने एकदा गिलावा मारला की जुन्या वीटकामातले दोष कोणालाच दाखवता येत नाहीत. बँकेकडे मूल्यांकन अहवालाची प्रत लेखी मागा. बँकेने तो तुमच्यासाठी केलेला नसला तरी त्यातले आकडे तुमच्या उपयोगाचे आहेत. व्हॉट्सॲपवरचे निरोप ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून दाखल करता येतात.

मग वकिलामार्फत नोटीस द्या : पंधरा दिवसांत काम सुरू करा, नाहीतर करार संपला असं समजून उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊ आणि वाढीव खर्च तुमच्याकडून वसूल करू. हा खर्च कलम ७३ खाली मागता येतो, फक्त तो वाजवी हवा. करारात साधी फरशी असताना तुम्ही इटालियन मार्बल बसवलात तर त्यातला फरक तुमचाच.

नोटिशीनेही काम झालं नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगातच येते आणि शुल्क १,००० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. निकालाला वेळ लागतो, म्हणून घर त्यासाठी अडवून ठेवू नका. मोजणी झाली की काम पुढे न्या.

उरलेल्या कामाला मी तुमच्या जागी पुन्हा सामानासकट ठेका दिला नसता. सामान स्वतः बिलावर घ्या, मजुरीचे करार कामानुसार वेगळे करा. एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र घराच्या बांधकामाची निव्वळ मजुरी जीएसटीतून मुक्त आहे. आणि प्रत्येक करारात शेवटचे पाच टक्के एक पावसाळा निघेपर्यंत रोखून ठेवायचं कलम घाला. गच्ची गळते की नाही ते ऑगस्टमध्येच कळतं.

प्रश्न : पुण्यातला बारा वर्षं जुना फ्लॅट विकून चिपळूणजवळच्या गावात घर बांधते आहे. प्लॉट विक्रीनंतर घेतला. भांडवली नफ्यावरचा कर वाचेल का? फर्निचरचा खर्च धरता येतो का?

— एक वाचक, पुणे

उत्तर : वाचेल. विक्रीपासून तीन वर्षांत घर बांधून पूर्ण व्हायला हवं. तसं झालं तर प्लॉटची किंमतही घराच्या खर्चात धरता येते. दारं, खिडक्या, वायरिंग, नळकाम, स्वयंपाकघराचा ओटा अशा, घर राहण्याजोगं करणाऱ्या गोष्टी धरायला अडचण येऊ नये. सोफा, पलंग, फ्रिज सोडून द्या. भिंतीत बसवलेल्या कपाटांवर वाद होतात, तेव्हा सुतारकामाचं बिल वेगळं घ्या.

बहुतेक जण चुकतात ते पुढच्या गोष्टीत. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत नफ्यातली जी रक्कम खर्च झालेली नसेल, ती बँकेच्या ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’च्या खात्यात टाकावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. त्या खात्यातून काढलेले पैसे बांधकामालाच वापरायचे, आणि तीन वर्षांत जे उरेल त्यावर त्या वर्षी कर लागतो.

काम पूर्ण झाल्याचा पुरावा त्याच वेळी गोळा करा : भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची नोंद, वीजमीटर जोडल्याची तारीख. गावातले मिस्त्री पावती देत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. त्यांना पैसे बँकेतून द्या आणि कोणत्या कामाचे ते लिहून त्यांची सही घ्या. प्राप्तिकर खात्याने तीन-चार वर्षांनी विचारलं तर तेवढा कागद तुमच्या हातात हवा.