तंबूतील कुटुंब

शास्त्रपाठ : लेवीय २३:३९-४३, अनुवाद १६:१३-१५

इंग्लंड देशी ‘ग्रीनबेल्ट’ नामक ख्रिस्ती उत्सव इ. स. १९७४ साली सफोक परगण्यातील चार्सफील्ड गावच्या शेतावर प्रथम भरला, इ. स. २०१४ पासून तो केटरिंग शहरानजीक भरू लागला. पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह तेथे तंबू ठोकून राहतात व रविवारी सर्व जण मिळून प्रभुभोजन घेतात.

हे ऐकून आम्हांस मांडवांच्या सणाचे स्मरण होते. मिसर देशातून निघालेले पूर्वज मांडवांत राहिले होते, हे पुढील पिढ्यांस कळावे म्हणून इस्राएलाने सात दिवस मांडवांत राहावे अशी आज्ञा होती.

आता अनुवादातील यादी पाहा. पुत्र, कन्या, दास, दासी, लेवी, परका, पोरका व विधवा या सर्वांनी आनंद करावयाचा आहे. पत्नीचे नाव निराळे नाही. ‘तू’ या शब्दातच ती आली, असे आम्ही समजतो. परंतु आमच्या मेळ्यांत पुरुष उपदेश ऐकतात आणि घरची माउली चुलीच्या धुरात बसते. तिच्या वाट्यास सण कोठे आला? बंधूंनो, पाणी आपण आणावे, चूल आपण सांभाळावी आणि उपदेशाच्या वेळी तिला पुढे बसवावे.

विचारार्थ प्रश्न : गेल्या मेळ्यात कोणत्या वचनावर उपदेश झाला, हे तुमच्या घरच्या बाईस सांगता येईल काय?