चरकापासून जखमेपर्यंत

एरंडेलाचा फोम करायचा, त्यात उसाच्या चिपाडाचा तंतू भरायचा आणि त्यातून वाहत्या जखमेवर बांधायची पट्टी घडवायची, या कामात मी काही वर्षं आहे. माझं घर दौंडचं. केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळं, पाटसला आणि आलेगावला साखर कारखाने, त्यामुळे चिपाड शोधत फिरावं लागलं नाही. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना जे सांगते, ते इथे लिहिते.

१. आधी ड्रेसिंग रूममध्ये जाऊन उभं राहा.

मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम उघडताना बघा. तिथल्या एका सिस्टरनी आमचा नमुना हातात घेतला, बोटाने दाबला, कडेचा एक तंतू ओढून काढला आणि विचारलं, "मॅडम, पट्टी काढताना हे आत राहिलं तर?" फोम किती पाणी पितो, किती दाब सोसतो, हे आम्ही मोजलं होतं. कडेचे तंतू किती झडतात हे तेव्हापासून मोजायला लागलो.

२. चिपाडातलं पाणी हाच खरा कारभारी.

एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. त्यावरच्या हायड्रॉक्सिल गटामुळे हे तेल फोमसाठी लागणाऱ्या दुसऱ्या घटकाशी, आयसोसायनेटशी, थेट जोडलं जातं. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्याच वायूने फोम फुगतो. म्हणून पाणी आपण थेंबाथेंबाने मोजून घालतो. चरकातून निघालेल्या चिपाडात मात्र साधारण निम्मं पाणीच असतं. ते १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलं, तरी पावसाळी हवेत उघडं ठेवलं की पुन्हा ओल धरतं. मग कपातलं मिश्रण आधी सायीसारखं दाट होतं, झपाट्याने वर येतं, आणि मधोमध खचतं. कापून पाहिलं तर एका बाजूला मोठाली भोकं, दुसरीकडे गच्च गाठ. तंतू वाळवला की लगेच बंद डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा ओल तपासा. आमच्याकडे जुलैतल्या आणि जानेवारीतल्या नोंदी वेगळ्या ठेवतात, ते उगाच नाही.

३. ढिगातलं जुनं चिपाड घेऊ नका.

ओलसर ढिगात बुरशी आणि उष्णता सोसणारे जिवाणू वाढतात. त्याच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. मास्कशिवाय दळायचं नाही.

याहून अवघड गोष्ट एंडोटॉक्सिनची. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचा हा अंश मागे राहतो आणि शरीरात गेला तर ताप आणतो. वाफेच्या ऑटोक्लेव्हने तो भरवशाने जात नाही. काचेची भांडी त्यासाठी २५० अंशांवर भाजतात. चिपाड तेवढ्या उष्णतेत करपून जाईल. म्हणून ताजं चिपाड घ्यायचं, गरम कॉस्टिकने धुवायचं आणि शुद्ध पाण्याने सामू उतरेपर्यंत खळाळून काढायचं. त्यातच लिग्निनही बरंचसं निघून जातं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे.

४. झाडातून आलं म्हणून निर्धोक ठरत नाही.

तेल एरंडाचं असलं तरी आयसोसायनेट कारखान्यातलंच. टीडीआय (टोल्युइन डायआयसोसायनेट) वापरून केलेला फोम शरीरात विघटित झाला तर त्यातून टोल्युइनडायअमीन सुटू शकतं, आणि प्राण्यांमध्ये त्याने कर्करोग होतो. लायसिनपासून केलेलं आयसोसायनेट महाग आहे, पण शरीराशी संबंध येणार असेल तर माझं मत त्याच्याच बाजूने.

पेशींची परीक्षा टाळता येत नाही. फोमचा अर्क ३७ अंशांवर काढून उंदराच्या एल९२९ पेशींना देतात. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली गेल्या की नमुना विषारी धरला जातो. भारतातलं पेशींचं राष्ट्रीय भांडार पुण्यातच, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे, ही आपल्यासाठी मोठीच सोय.

५. निर्जंतुक कसं करणार, हे पहिल्या दिवशी ठरवा.

शेजारच्या जेजुरीत २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजने जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) तयार होतं, आणि एरंडेलाऐवजी त्याचाच फोम करावा असं कुणालाही वाटेल. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे १२१ अंशांची वाफ त्याच्या फोमला चालायची नाही. गॅमा किरणांचा मार्ग उरतो. मुंबईतल्या ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून हे काम करतं. पण किरणांनीही पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. म्हणून ताकद किरणांनंतर मोजायची.

६. शेतकऱ्याला खोटी आशा लावू नका.

चिपाड हा कचरा नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तेच जळतं, कारखान्यात त्यावर बॉयलर चालतो. आमच्या पट्टीत ते काही ग्रॅम जातं, त्याने उसाचा भाव हलणार नाही. कुणी विचारलं तर मी हे स्पष्ट सांगते. फायदा झाला तर रुग्णाचा होईल, आणि तेवढ्यासाठी हे काम करण्याजोगं आहे.

७. पोत्यावर चिठ्ठी हवीच.

उसाचा वाण ८६०३२ की २६५, लागण की खोडवा, तोडणीची तारीख, आणि फड पेटवून तोडलेला ऊस होता का. जळिताची काजळी धुऊनही पूर्ण जात नाही. गुऱ्हाळवाल्या काकांना आता विचारावं लागत नाही, जळीत ऊस आला की तेच फोन करून सांगतात, "ताई, आज येऊ नका."