एका युनिटाचा हिशेब

विजेचा धडा शाळेच्या पुस्तकात असतो. व्याख्या असते, सूत्र असते, धड्याच्या शेवटी बचतीचे चार उपायही असतात. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. यात मुलांचा दोष थोडा आणि आपला, म्हणजे शिकवणाऱ्यांचा, अधिक आहे, असे मला वाटू लागले त्याला एक लहानसा प्रसंग कारण झाला.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आम्ही नांदेड जिल्ह्यातील एका खेड्यात होतो. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या निमित्ताने आठवीच्या वर्गात विजेच्या बचतीवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले. 'खोलीबाहेर जाताना दिवा बंद करा' इथपर्यंत माझी गाडी आली, तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मोटारीची लाईट तर रात्रीच येते. बाबा अंधारात पाणी द्यायला जातात. त्यातली आम्ही कुठली वाचवायची?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याच्या वाट्याला वीज मोजकी आणि अवेळी येते, त्याला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व सांगणे होय. मग आपल्या भागातल्या मुलांना हा विषय शिकवावा तरी कसा? माझे उत्तर असे आहे की, मराठवाड्यात विजेचा धडा पाण्यापासून सुरू करावा.

प्रथम मुलांना युनिट म्हणजे काय ते कळले पाहिजे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिटे होतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा दीड युनिटही घेत नाही. दोन्ही दिवे वर्गात आणून लावावेत आणि थोड्या वेळाने मुलांना लांबून हात धरायला सांगावे. जुन्या दिव्याजवळ ऊब लागते. आपण पैसे उजेडाचे दिले आणि विकत मात्र बहुतांशी उष्णता घेतली, हे मग सांगावे लागत नाही.

आता हे युनिट येते कोठून? त्यासाठी दूर जायला नको. लातूरच्या शेजारी, बीड जिल्ह्यात परळी येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. ३० मेगावॅटचा पहिला संच तेथे १९७१ साली सुरू झाला. पुढे मोठे संच आले, जुने निवृत्त झाले आणि आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. तेथे रेल्वेने आलेला कोळसा जाळतात, पाण्याची वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. कोळशात असलेल्या उष्णतेपैकी साधारण एकतृतीयांशाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग थंड करण्याच्या मनोऱ्यांतून पाण्याची वाफ होऊन आकाशात जातो. म्हणूनच अशा केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते.

ती किती? केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये अशा जुन्या केंद्रांना कमाल मर्यादा घालून दिली, ती एका युनिटामागे साडेतीन लिटरची. आकडा किरकोळ वाटतो. पण २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालला, तर अडीच लाख युनिटे होतात. या हिशेबाने त्याला पावणेनऊ लाख लिटर पाणी लागते.

आता लातूरच्या वर्गात १२ एप्रिल २०१६ ची आठवण काढावी. आज शाळेत असलेल्या मुलांना नसेल, पण त्यांच्या घरी ती सर्वांना आहे. त्या दिवशी मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. सुमारे ३४० किलोमीटरवरून तिने ५ लाख लिटर पाणी आणले. ते पाणी परळीच्या एका संचाला ३५ मिनिटेही पुरले नसते! मुलांना हे गणित फळ्यावर स्वतः करू द्यावे. उत्तर आल्यावर वर्ग आपोआप शांत होतो.

हे गणित केवळ फळ्यावरचे नाही. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून परळीला पाणी मिळते. ते आटले तेव्हा, फेब्रुवारी २०१३ मध्ये, कोळसा असूनही सगळे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्येही तोच प्रसंग आला. दुष्काळात माणसे, गुरे, पिके आणि वीज एकाच हंड्याकडे पाहत असतात.

याची दुसरी बाजू नांदेडला दिसते. तेथे गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. नदीतले पाणी मोठ्या पंपांनी उचलून कालव्यात सोडावे लागते. वीज गेली की नदी भरलेली असूनही कालवा कोरडा. म्हणजे परळीला विजेसाठी पाणी हवे आणि विष्णुपुरीला पाण्यासाठी वीज हवी. येलदरी धरणाची गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे. तेथील २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र पाणी संपवत नाही. टर्बाइन फिरवून ते पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात आणि शेतीकडे जाते. पण त्यासाठी मुळात धरण भरावे लागते!

आणि आपली विहीर, आपली बोअर? ५ अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की साधारण ३० युनिटे खर्च होतात. पाण्याची पातळी दुप्पट खोल गेली, तर तेवढेच पाणी वर आणायला दुप्पट वीज लागते. भूजल उपसले की वीज अधिक लागते, आणि ती वीज करायला पुन्हा पाणी लागते. हे चक्र शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तकापेक्षा लवकर कळते.

या ठिकाणी त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता येते. बचत म्हणजे गरिबाने अंधारात बसणे नव्हे. ज्याचा वापर मोठा, त्याची जबाबदारी मोठी. सोयाबीनच्या शेताला ठिबक लावले, मोटारीला कपॅसिटर बसवला, आकडा टाकून डी.पी. जाळणे थांबवले, तर वीज आणि पाणी दोन्ही उरतात. सूर्याच्या विजेला पाणी जवळजवळ लागतच नाही. तावदाने धुण्यापुरतेच काय ते. शिवाय ती दिवसा मिळते. शेतीच्या वाहिन्यांना सौर वीज देणारी राज्याची योजना २०१७ साली सुरू झाली, तिचा खरा अर्थ हाच आहे की, बापाला रात्री साप-विंचवाच्या भीतीत बांधावर जावे लागू नये. दुष्काळी भागात तिचे मोल दुहेरी आहे.

मित्रहो, आपण कला शाखेचे. विजेशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण वरच्या हिशेबात पदार्थविज्ञान थोडे आहे. नदी आणि पाऊस हा भूगोल आहे, कोणाला किती पुरवठा हे अर्थशास्त्र आहे आणि आपल्या वापराचा भार दुसऱ्यावर पडू नये, हे नागरिकशास्त्र आहे. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. त्यांनी व्याख्येच्या आधी मुलांकडून घरचे वीजबिल मागवावे. महिन्याची युनिटे मोजावीत, त्यांना साडेतीनने गुणावे आणि येणारे लिटर घागरींत सांगावेत. ज्यांच्या घरी बिल नाही, त्यांनी आईला रोज किती घागरी आणाव्या लागतात ते सांगावे. दोन्ही आकडे एकाच फळ्यावर यावेत.

आणि सुरुवात आपल्यापासून व्हावी. तास संपल्यावर रिकाम्या वर्गात फिरणारे पंखे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पुढच्या शिबिराला जाण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या मीटरचे वाचन महिनाभर रोज टिपावे आणि सूचनाफलकावर लावावे. मागच्या रांगेतला एखादा मुलगा पुन्हा उठून विचारील, "सर, तुम्ही किती वाचवली?" तेव्हा सांगायला आपल्यापाशी एक आकडा तरी असावा.