मेलबर्नला पाच महिने: बॅगेत काय, कागदांत काय?

प्रश्न : आम्ही दोघे, वय ६६ आणि ६२, जूनमध्ये मेलबर्नला मुलीकडे पाच महिन्यांसाठी जात आहोत. मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. तयारी कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी औषधं. ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात. ती मूळ पाकिटातच ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि तिच्यात गोळीचं मूळ औषधी नाव लिहून मागा, कारण कंपनीचं नाव तिथे वेगळं असतं. उरलेल्या दोन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरांना हीच चिठ्ठी उपयोगी पडेल. गोळ्या हातातल्या बॅगेतच असू द्या.

मेतकूट, मसाला, लाडू, जे काही खाण्याचं न्याल, ते प्रवेशाच्या कार्डावर नक्की जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो.

जून-जुलै हा तिथला हिवाळा. पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो, त्यामुळे स्वेटर, कानटोपी वरच ठेवा. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पण प्लगच्या पिना चपट्या आणि तिरप्या, अडॅप्टर न्या.

बँकेचे ओटीपी इथल्याच नंबरवर येतात, म्हणून सिम चालू राहील अशी सोय करून निघा. आणि प्रवास विमा घेताना रक्तदाब लपवू नका. ऐन वेळी दावा त्यावरच अडतो.