सोमवारी तिच्याशी बोल

सई,

काल तू फोन ठेवलास आणि मला झोप लागेना. "ताई, मी काय वाईट बोलले गं? आपण दोन बॅगा घेऊन आलो, कष्ट केले, उभे राहिलो. यांचा तर जन्मच इथला, मग यांना का जमत नाही?" जेवणाच्या सुट्टीत तू हे बोललीस, समोरची मैत्रीण गप्प झाली आणि डबा अर्धा ठेवून उठून गेली. ती काळी आहे, हे तू मला सगळ्यात शेवटी सांगितलंस.

मी रागावलेले नाही. वीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीत नवी असताना मीही हेच बोलले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर साठीची एक बाई बसायची. ती उठून गेली नाही. तिने मला तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते दुसऱ्या महायुद्धात लढून परत आले. सरकारने १९४४ साली कायदा करून परतलेल्या सैनिकांच्या घरकर्जाला हमी दिली होती. ते बँकेत गेले, बँकेने नाही म्हटलं. दुसरी बँक, तिसरी बँक, तेच उत्तर. त्यांच्याच तुकडीसारख्या गोऱ्या तुकड्यांतली माणसं त्या वर्षांत अंगण असलेल्या घरांत राहायला गेली. हे जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिले.

मला वाटलं, एखादी बँक वाईट असेल. मग वाचायला लागले. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत, म्हणजे तू आणि मी राहतो त्याच पट्ट्यात, त्या कायद्याखाली ६७ हजार घरकर्जांना हमी मिळाली. त्यांतली गोरे नसलेल्यांच्या वाट्याला आलेली शंभरसुद्धा नव्हती. त्याआधी १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. लाल म्हणजे धोका, इथे कर्ज देऊ नका. घर विकताना-भाड्याने देताना वंश बघायचा नाही, हा कायदा १९६८ साली आला. आणि इथे घर म्हणजे नुसतं छप्पर नाही गं. मुलांची फी, म्हातारपणाची पुंजी, पुष्कळांचं घराच्या किमतीतून येतं. शाळांचा बराचसा पैसासुद्धा त्या गावातल्या घरपट्टीतून जमतो. आजोबांना घर नाकारलं की नातवाच्या वर्गापर्यंत त्याची झळ पोचते.

आता आपल्या दोन बॅगांकडे ये. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ज्यांना आधी मिळालं होतं, त्यांच्यातल्या कित्येकांचं काढूनही घेतलं. १९४६ साली कायदा थोडा सैल झाला तेव्हा आपल्या अख्ख्या देशाचा वाटा ठरला वर्षाला १०० माणसं. दार खरं उघडलं ३ ऑक्टोबर १९६५च्या कायद्याने. त्याच्या दोनच महिने आधी, ६ ऑगस्टला, काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्मा शहराच्या पुलावर तोच हक्क मागताना त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. वंशावरून माणसांत भेद करणं लाजिरवाणं आहे, हे या देशाला त्यांनी कबूल करायला लावलं, म्हणून देश बघून माणसं घेणारा तो जुना कायदा टिकेना. सई, ज्या दारातून तू आत आलीस ते त्यांच्या लढ्याने उघडलं. तुझ्या मैत्रिणीसमोर कष्टांचा हिशोब मांडताना हे आठवायला हवं होतं.

शिवाय आपण चाळणीतून गाळून आलो. नोकरीचा आपला व्हिसा सहसा पदवी असलेल्यांनाच मिळतो. तुझी आणि माझी इंजिनिअरिंगची फी कितीशी होती? सरकारी कॉलेज होतं. आई शिकलेली, आजोबांचं स्वतःचं घर. कष्ट आपण केलेच, पण शून्यातून केले नाहीत.

कॉलेज प्रवेशांचा वादही तू काढलास. २९ जून २०२३ला सुप्रीम कोर्टाने प्रवेश देताना वंश विचारात घेणं बंद केलं, आणि हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धचा तो खटला आशियाई मुलांच्या नावाने लढला गेला. त्या मुलांचं दुखणं खोटं नव्हतं. हार्वर्ड त्यांना व्यक्तिमत्त्वाचे गुण सरासरीने कमी देत होतं, हे खटल्यात पुढे आलं. मला त्याचा रागच आला. पण माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप त्या निकालाने तसंच राहिलं. आपल्या मुलांचा खरा वाद तिथे होता. तो सोडून काळ्या मुलांच्या जागांवर बोट ठेवलं गेलं, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

तू काल बोललीस ती वाक्यं मला ओळखीची वाटली. आरक्षणावर आपल्याच घरात, जेवणाच्या पानावर, हीच वाक्यं ऐकत आपण वाढलो. तेव्हा कुणी अडवलं नाही. जात आणि वंश यांचं हे नातं मात्र नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या उशाला राहून शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांना केलेल्या अर्जाची प्रत मागवली, कारण अस्पृश्यांसाठीही तसाच अर्ज करायचं त्यांच्या मनात होतं. आपल्याच भाषेतल्या माणसांनी हे नातं इतक्या आधी ओळखलं होतं. आपण ते शाळेत शिकलो नाही, म्हणून आता शिकायचं.

आणखी एक, हे फक्त तुला सांगते. आपल्या मराठी जेवणावळींत, काळ्यांना आपली भाषा कळत नाही म्हणून, त्यांच्याबद्दल जे शब्द बिनदिक्कत वापरतात, ते तुझ्या तोंडी कधी येऊ देऊ नकोस. कुणी वापरले तर भांडू नकोस, पण हसूही नकोस. "असं नको बोलू या" एवढं म्हण. पहिल्यांदा जड जातं. माझी मुलं ऐकत होती, म्हणून मी बोलायला शिकले.

सोमवारी तिच्याकडे जा. "त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं" एवढंच सांग. खुलासे नकोत, मी काय-काय वाचलं तेही नको. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर तिला वेळ दे. आणि रात्री मला फोन कर, कितीही वाजले तरी.

ताई