चंचल बालक आणि गृहस्थाचा अभ्यासयोग

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मोकळ्या मनाने एक अडचण सांगितली आहे. मन फार चंचल आहे, वाऱ्यासारखे ते आवरत नाही, असे तो म्हणतो. भगवंतांनी त्याला या बोलण्याबद्दल दोष दिला नाही. मन आवरणे कठीण आहे हे त्यांनी प्रथम मान्य केले आणि मगच अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. ज्याने रणांगणे गाजविली त्या वीराची ही स्थिती, तर सात वर्षांच्या बालकाला स्वतःचे मन आवरत नाही यात नवल कोणते? परंतु घरोघरी हा विचार सुचत नाही, आणि तेथेच अनर्थाला आरंभ होतो.

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या मार्गावर सिहोरा हे तहसिलीचे गाव आहे. समजा, तेथील एका मराठी कुटुंबात असा एक मुलगा आहे. तो वर्गात जागेवर बसत नाही, सोबत्यांना मारतो, मनाविरुद्ध झाले की वस्तू फेकतो. शाळेतून वारंवार निरोप येतात. आजोबा म्हणतात, लाडाने बिघडला. शेजारणी म्हणतात, आईने वळण लावले नाही. दिवसभर दुकानात शिणलेले वडील तक्रार ऐकतात आणि हात उगारतात. आई लग्नकार्याला जाणे सोडते. धाकटी बहीण घरात दबून वावरते. मुलाच्या मनात मात्र एकच गोष्ट ठसत जाते की, ‘मी वाईट आहे.’ ही समजूत एकदा दृढ झाली म्हणजे ती काढणे फार अवघड जाते.

अशा वेळी कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवितो. वस्तुतः कर्माचा विचार मनुष्याला स्वतःचे कर्तव्य दाखविण्यासाठी आहे, बालकाला अपराधी ठरविण्यासाठी नव्हे.

क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश, अशी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे. घरातही अशीच एक साखळी असते. आई एखादी गोष्ट नाकारते, मुलगा किंचाळतो, थकलेली आई अखेर ती देऊन टाकते. किंचाळल्याने काम होते, हे मुलगा शिकतो. दुसऱ्या दिवशी वडील मारतात, मुलगा क्षणभर गप्प होतो. मारल्याने काम होते, हे वडील शिकतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी अनेक कुटुंबांचे निरीक्षण करून हे चक्र स्पष्ट केले. यात दुष्ट कोणीच नसतो. परंतु दोघेही नकळत एकमेकांना बिघडवीत असतात. ते चक्र मोडण्याचा आरंभ मोठ्या माणसानेच केला पाहिजे, कारण विवेकाची अपेक्षा प्रथम त्याच्याकडून आहे.

एकट्या मुलाला दुरुस्त करण्याऐवजी सर्व कुटुंबाला आधार द्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबईत आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने 1937 साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता एकत्र बसून मुलाच्या वर्तनाबरोबर त्याचे घर व शाळा यांचाही विचार करतात.

गृहस्थाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. प्रथम तपासणी. ज्याला नीट ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, ज्याची झोप अपुरी आहे किंवा ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, ते मूलही हट्टी वाटते. 2013 साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. स्वमग्नता, अध्ययनातील अडचणी आणि अवधानाचा अभाव व अतिचंचलता यांचाही तीत अंतर्भाव आहे.

2. सूचना एकच, थोडक्यात आणि जवळ जाऊन शांतपणे द्यावी. ती पाळली की तत्काळ, नेमके काय चांगले केले ते सांगून, कौतुक करावे.

3. नियम थोडे असावेत. पण आई, वडील, आजी, आजोबा या सर्वांचे एकच असावेत. हट्टाला नकार दिल्यावर प्रथम काही दिवस आरडाओरडा वाढतो. तेव्हा कोणी नमले नाही, तर तो बहुधा हळूहळू ओसरतो.

4. मारणे व हिणविणे पूर्ण वर्ज्य करावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली आहे. शाळेत जे निषिद्ध, ते घरात क्षम्य कसे?

5. आईला दररोज थोडी विश्रांती मिळावी, आणि दबून गेलेल्या भावंडासाठीही रोज काही वेळ राखून ठेवावा.

मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करीत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, अथवा येत असलेले बोलणे विसरू लागले असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. 2022 पासून शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर हिंदी व मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य सल्ला मिळतो.

हा झाला अभ्यास. वैराग्य म्हणजे मुलाविषयी उदासीनता नव्हे. आजच फळ मिळावे हा आग्रह आणि लोक काय म्हणतील ही भीती, या दोहोंचा त्याग हेच येथे वैराग्य होय. या भीतीपोटीच कित्येक कुटुंबे मदत मागण्यात वर्षे दवडतात.

मन जेथे जेथे भरकटेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असे गीता सांगते. किती वेळा आणावे, याची मर्यादा तिने घातलेली नाही. तोच धीर ज्या घरात मुलाच्या वाट्याला येतो, त्या घरात ‘मी वाईट आहे’ या समजुतीला मूळ धरण्यास जागा उरत नाही.